चाकाचे नट हाताच्या पान्याने सुटले पाहिजेत

संपादक महोदय,

सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर या चारही दिशांना आता चौपदरी रस्ते झाले आहेत, आणि दारात मोटार असलेले कुटुंब सुट्टीच्या दिवशी अक्कलकोटला किंवा पंढरपूरला सहज जाऊन येते. मात्र ज्या टायरांच्या भरवशावर हा प्रवास होतो, त्यांना कधी स्वतःचा हात लावलेला गाडीमालक आता शोधावाच लागतो. मोटारीचे चाक उतरवून दुसरे बसवणे आणि दुचाकीचा टायर रिमवरून काढून पुन्हा चढवणे ही दोन्ही कामे घरी करता येतात आणि ती वाहनधारकाला आली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. ती येण्याच्या आड सध्या एक चुकीची सवय येत आहे. तिच्याकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

टायरच्या दुकानात चाक बसवताना नट हवेच्या गनने आवळले जातात. काम झटपट होते, पण बहुतेक ठिकाणी गन थांबायची कधी, याला काही माप नसते. लहान आणि मध्यम मोटारींच्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरेसा असतो, म्हणजे फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकावर तीस ते चाळीस किलोचा भार. नेमका आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तकात दिलेला असतो. गन याच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. त्यामुळे बोल्टचे आटे ताणले जातात, आणि गाडीच्या डिकीत कंपनीने दिलेल्या आखूड पान्याने ते नट पुढे कोणालाही सुटत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मोहोळच्या अलीकडे, पुणे रस्त्याच्या कडेला एक कुटुंब भर दुपारी थांबलेले दिसले म्हणून मी गाडी थांबवली. जॅक होता, स्टेपनीत हवा होती, घरातल्या तरुण मुलाला कृतीही नीट ठाऊक होती. तो पान्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला तरी नट जागचा हलेना, आणि शेवटी पाना घसरून नटाचे कोपरेच गोल झाले. त्यानंतर शहरातून माणूस येईपर्यंत म्हाताऱ्या आजींसह सगळ्यांना उन्हात बसावे लागले. त्या मुलाकडे माहिती होती, साधने होती. आठवड्यापूर्वी कोणीतरी गनचा घोडा जरा जास्त वेळ दाबून ठेवला होता, एवढेच.

म्हणून टायर दुकानदारांना विनंती आहे, की गनने नट फक्त बसवून घ्यावेत आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे किती पीळ दिला हे मोजणाऱ्या पान्याने, गाडीला सांगितलेल्या मापानेच द्यावा. ग्राहकांनीही तेथे उभे राहून तसा आग्रह धरावा.

वाहनधारकाने आपल्याकडून एवढे करावे, की एखाद्या सकाळी सावलीत स्वतःच्या गाडीचे एक चाक उतरवून पुन्हा बसवून पाहावे. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा, आणि चाक जमिनीला टेकलेले असतानाच नट थोडे सैल करून घ्यावेत. आपल्याकडे बहुतेक अंगणांत शहाबादी फरशी असते आणि तिच्यावर जॅक घसरतो, त्यामुळे खाली जाड लाकडी फळी घालणे आवश्यक आहे. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने हात किंवा डोके घालू नये. चाक बसवताना नट शेजारचे शेजारी न आवळता समोरासमोरचे आवळावेत, पाच नट असतील तर एक सोडून एक. शेवटचा पीळ गाडी खाली उतरवल्यावर द्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा एकदा तपासावा. नटांना ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण मग तेवढ्याच जोरात ते प्रमाणापेक्षा अधिक आवळले जातात.

दुचाकीचा टायर रिमवर चढवणे हे याहून कसबाचे काम आहे, पण अवघड मुळीच नाही. बजाज चेतक आणि प्रियाच्या काळात ते घराघरांत होत असे, कारण त्या स्कूटरच्या रिमचे दोन भाग नटांनी जोडलेले असत. हवा पूर्ण काढून ते नट सोडले की टायर आपसूक मोकळा होई. (हवा असताना ते नट सोडणे मात्र जिवावर बेतू शकते; ज्यांच्याकडे अजून अशी स्कूटर आहे त्यांनी हे मुलांना आवर्जून सांगावे.) ट्यूब असलेल्या मोटारसायकलला टायरची कड साबणाच्या पाण्याने ओली करावी, ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरावी, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर चढवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, आणि चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरावी. कड त्या खोलगट भागात बसली की दुसऱ्या बाजूला लागणारी ढील आपोआप मिळते. टायर चढत नाही म्हणून टायर लिव्हरवर (कड उचलण्याच्या चपट्या पट्टीवर) जोर काढणारे लोक नेमके हेच विसरतात आणि नवी ट्यूब चिमटून फाडतात. टायरवरील बाणाची दिशा आधीच पाहून ठेवावी.

घरी काय करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मोटारीचा ट्यूबलेस टायर रिमवर चढवणे आणि चाकाचे बॅलन्सिंग करणे यंत्रावरच व्हावे. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या, लोखंडी रिंग असलेल्या रिमला तर घरी हातही लावू नये, कारण हवा भरताना ती रिंग निसटून उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. असे चाक पिंजऱ्यात ठेवूनच भरायचे असते.

२०२० मध्ये नियम बदलले आणि ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच व हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनी बाळगण्यातून सूट मिळाली. नवी गाडी घेताना डिकीतील फरशी उचलून स्टेपनी आहे की नाही हे पाहावे, कारण त्या संचाने टायरच्या तळाचे लहान भोक बुजते. कुशीत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, चीर पडली तर त्याचा उपयोग होत नाही. स्टेपनी असेल तर तिच्या कुशीवरचे चार आकडे वाचावेत. तेथे २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे आणि एकदाही न वापरता त्याचे रबर म्हातारे झाले आहे.

शहरातील मोटार ड्रायव्हिंग स्कूलनी शिकणाऱ्या प्रत्येकाकडून, मुलींकडूनही, एकदा तरी चाक उतरवून आणि बसवून घ्यावे. त्याला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही आणि लागणारी सर्व साधने त्यांच्या शिकवण्याच्या गाडीतच असतात. उन्हाळी सुट्टीचे प्रवास सुरू होण्यापूर्वी ही सूचना आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत आणि टायर दुकानदारांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपला,
एक वाहनधारक वाचक,
जुळे सोलापूर