यादीत ऋतुजा कुठे आहे?

चि. समीर यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. पाळणा, बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, त्या बाटल्या उकळायचं यंत्र, रात्रभर बाळावर नजर ठेवणारा कॅमेरा, लंगोटांचे तीन आकार. खाली तू लिहिलंयस, ‘आई, यात काही राहिलं असेल तर सांग.’ राहिलंय. ऋतुजा राहिली आहे. एवढ्या सामानात तिच्यासाठी एक वस्तू नाही.

तुझ्या एकट्याचं हे नाही म्हणा. पाटण तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात मी सिस्टर होते, तेव्हाही घरोघर हेच चालायचं. बाळाची कुंची-टोपडी सातव्या महिन्यात शिवून तयार, आणि आईच्या पायांवर सूज आहे हे कुणी बघितलेलं नसायचं. मला वाटायचं, शिकलेल्या घरात निराळं असेल. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू ‘हो हो’ म्हणून मोकळा होतोस. म्हणून लिहितेय, नीट वाच.

आधी रक्ताचं. ऋतुजाचा गट बी निगेटिव्ह, तुझा ओ पॉझिटिव्ह. म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. तसं असेल तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी, आणि आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध लढायची तयारी करून ठेवतं. पहिल्या बाळाला सहसा त्याचा त्रास होत नाही. दुसऱ्याला होऊ शकतो, कधी जन्मताच जोराची कावीळ, कधी ते पोटातच दगावतं. यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. एक २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि दुसरं, बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर, प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत. त्याआधी तिच्या रक्ताची एक तपासणी करतात, ती झाली का ते डॉक्टरांना विचार. मधल्या काळात अंगावरून थोडंही रक्त गेलं किंवा पोटावर मार लागला, तरी लगेच सांगायचं. प्रसूतीनंतरच्या गडबडीत सगळे पेढे वाटत असतात आणि ते ७२ तास कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तुझ्या राहिले पाहिजेत.

आणि निगेटिव्ह गट आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा. बाळंतपणात बाई जाते ती सर्वांत जास्त वेळा रक्तस्रावाने, आणि तेव्हा रक्त शोधत फिरायला वेळ नसतो. तुझ्या ऑफिसात, सोसायटीत बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह कोण आहे, हे आत्ताच विचारून नंबर लिहून ठेव. हॉस्पिटलला कोणत्या रक्तपेढीतून रक्त मिळतं तेही बघ. लागणार नाही, देव करो. पण हे काम तुझं. ते गर्भारणीच्या डोक्यावर टाकू नकोस.

तिचं हिमोग्लोबिन १०.२ आलंय म्हणालास, आणि ‘थोडं कमी आहे’ असं म्हणून पुढच्या विषयावर गेलास. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षयच म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका या रेषेखाली निघाल्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटेनासं झालंय. लोहाची गोळी ती घेते, मला माहीत आहे. पण गोळी घेतली की लगेच चहा, हे तुमच्या घरात मी डोळ्यांनी पाहिलंय. चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नको, एक सकाळी तर दुसरी रात्री. आता हे तिला जाऊन शिकवू नकोस, तिला तुझ्याहून जास्त कळतं. चहा तू करत जा, आणि गोळीनंतर तासाभराने कर.

याच आठवड्यांत साखरेची तपासणीही असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह. त्या गोड पाण्याने मळमळतं. ते दोन तास तिच्या शेजारी बस, लॅपटॉप न घेता.

तुमच्या त्या ॲपबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं, पण तू रोज मला चित्र पाठवतोस, बाळ आज कणसाएवढं, उद्या आणखी कशाएवढं. बघायला गंमत वाटते. मात्र ॲपला तिचा रक्तदाब कळत नाही. १४०/९० किंवा त्याच्या वर गेला, डोकं भणभणायला लागलं आणि थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम आली, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज आली, बरगड्यांखाली दुखायला लागलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत. २८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवायचं. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर ‘झोपलं असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. आणि ऋतुजा म्हणाली ‘मला काहीतरी बरं वाटत नाहीये’, तर तिच्याशी वाद घालू नकोस, गाडी काढ.

ॲपने दिलेली तारीखही फार मनावर घेऊ नकोस. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तर बाळ नसतंच, तरी हिशेबात धरायचे. नेमक्या त्या तारखेला शंभरात चार-पाच बायकाच बाळंत होतात. तू मात्र त्या दिवसापासूनची रजा टाकून बसलायस. ऋतुजाला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, त्यातले ८ आठवडे ती आधी घेऊ शकते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, तुमच्या खासगी कंपन्यांना तसं बंधन नाही, त्यामुळे जे देतील ते जपून वापर. माझं ऐकशील तर सगळी रजा पहिल्याच आठवड्यात उडवू नकोस. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं, दोन आज्या असतात, एक आत्या असते, कुणाला ना कुणाला बाळ हवंच असतं. बारसं झालं की माणसं पांगतात. दिवसाची रात्र कधी होते ते बाईला कळत नाही, टाके ओढत असतात, आणि घरात ती आणि बाळ दोघंच. तुझी खरी गरज तेव्हा आहे.

आता माहेरच्या बाळंतपणाचं. विहीणबाई म्हणतात नाशिकला, तू म्हणतोस पुण्यातच, आणि दोघंही मला विचारताय. मी काय सांगणार? ज्या बाईचं पोट आहे तिला विचारा. तिला आईजवळ जायचं असेल तर जाऊ दे. पण आठव्या महिन्यातच जायचं, तिथल्या डॉक्टरकडे आधी नाव नोंदवायचं, आणि सगळे रिपोर्ट एका फायलीत, रक्तगट पहिल्या पानावर. अगदी शेवटी, दिवस भरत आले असताना नव्या डॉक्टरच्या दारात उभं राहायचं नाही. आणि ती नाशिकला गेली तर तुलाही जायचं आहे, पण जावई म्हणून नव्हे. जावई आला की त्या घरात दोन भाज्या जास्त होतात आणि बाळंतीण बाजूला राहते. तू गेलास की बाळाचे लंगोट धू.

डोहाळजेवणाची तुम्हाला हौस आहे, मलाही आहे. सातवा महिना पितृपक्षात सरतोय, तेव्हा विहीणबाईंचं म्हणणं नवरात्रात करू. चालेल. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, सगळं होऊ दे. ओटी मी भरेन. फक्त वाट्यांखाली पेढा-बर्फी ठेवून ‘उचल बाई एक’ हा खेळ आपल्याकडे होणार नाही. पेढा निघाला की मुलगा, आणि बायका टाळ्या वाजवतात. बर्फी निघाली की ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणून समजूत काढतात. समजूत कसली काढायची? विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर तुझ्या आत्याने मला फोन करून हळू आवाजात विचारलं, ‘काही कळलं का गं?’ मी म्हटलं, दोन हात, दोन पाय, एक हृदय, सगळं जागच्या जागी आहे, आणि विषय संपवला. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांआधी केला, केंद्राचा त्यानंतर १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. हे आकडे मला माझ्याच रजिस्टरातही दिसायचे. खेळ म्हणून हसण्याइतकं माझं मन त्या बाबतीत मोकळं नाही.

गर्भसंस्काराच्या वर्गाला जायचं का, असं ऋतुजाने विचारलंय. आवडत असेल तर जावं. सहाव्या महिन्यापासून बाळाला बाहेरचे आवाज कळायला लागतात, तू पोटाशी बोललास तर ओळखेलही. पण कुणी सांगितलं की पहाटे चारला उठून अमुक ऐकलं तरच मूल हुशार होतं, तर ऐकू नका. चक्रव्यूहाची गोष्ट ऐकता ऐकता सुभद्रा झोपली म्हणून सगळे तिला बोल लावतात. मला तर वाटतं, दिवस गेलेल्या बाईला झोप येते आणि रात्री अर्जुन युद्धाचे नकाशे समजावत बसतो, यात चूक अर्जुनाची आहे.

बाळंतपणानंतरच्या खाण्याबद्दल एक सांगून ठेवते, कारण तिथे सगळ्या घरांचं उलटं चालतं. पोटात बाळ असतं तोवर ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणून तिच्या मागे लागतात. खरं तर गरोदरपणात रोज ३५० उष्मांकच जास्त लागतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ६०० जास्त लागतात. आणि नेमकं तेव्हा तिच्यावर पथ्यं येतात, हे गार, ते वातूळ, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती जेवायला बसते, तेवढ्यात बाळ रडतं. तिचं ताट पहिलं वाढायचं आणि ती जेवत असताना बाळ तू घ्यायचं. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, लसणीची चटणी, शेपूची भाजी, बाळंतशोपा, हे सगळं मी करीन. फळं आणि डाळी बंद करा म्हणणाऱ्यांकडे मी बघून घेईन.

बाकी जुन्या रीतींत मी निवड केली आहे. सव्वा महिना विश्रांती, ही ठेवायची. अंगाला तेल लावणारी बाई, हवीच, ऋतुजाला तर बाळापेक्षा जास्त. शेगडी नको, बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो आणि पहिला त्रास बाळालाच. गुटी, मध, डोळ्यांत काजळ, कानात तेल, बेंबीला हळद, काही नाही. पहिला घट्ट पिवळा चीक तासाभरात पाजायचा, पुढे सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, दोन आठवड्यांत भरून येतं. तेव्हा ‘तुला दूधच नाही’ असं कुणी ऋतुजासमोर म्हणालं तर त्याला चहा देऊन वाटेला लाव. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा वेळा लघवी करतंय ना, मग दूध पुरतंय. या एका वाक्याने मी गावोगाव कितीतरी आयांचं रडं थांबताना पाहिलंय.

आमच्याकडे दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्यसेविका, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. ही पद्धत मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरोघर जाऊ लागल्या. तुमच्या बाराव्या मजल्यावर कोण येईल असं वाटत नाही. तर या सहा तारखा तूच धर. बाळ ओढून पितंय का, अंग गार किंवा तापलेलं आहे का, पिवळं दिसतंय का, धाप लागतेय का. आणि पुढचं तितकंच महत्त्वाचं. ऋतुजाला ताप आहे का, रक्त फार जातंय का, ती झोपते का, बोलते का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवड्यांनंतरही रडं थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ‘हार्मोन्स’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांकडे ने. आमच्या काळी त्याला बाहेरची बाधा म्हणायचे.

तुझ्या यादीतला पाळणा ठेव, बाबागाडी वर्षभराने घे, बाटल्या आणि त्यांचं यंत्र काढून टाक. कॅमेऱ्याचे पैसे पहिले तीन महिने स्वयंपाकाला बाई ठेवायला वापर.

इंजेक्शनची तारीख ठरली की कळव. डिंक आणि हळीव मी कराडच्या बाजारातून दिवाळीआधी आणून ठेवते. ऋतुजाला खारीक आवडत नाही असं ऐकलं, लाडवांत घालू का नको ते तिला विचारून सांग. तू आपल्या मनाने उत्तर देऊ नकोस.

तुझी,
आई