शाळेतल्या मावशींचे आभार

आमची मुलगी घरी दिवसभर बडबड करते, परंतु बालवाडीत जाऊ लागल्यापासून सात महिने तिने तिथे एक शब्दही उच्चारला नव्हता. तहान लागली तरी ती पाणी मागत नसे. 'हट्टी आहे' असे ठरवून एका बाईंनी तिला वर्गासमोर कविता म्हणायला उभे केले, त्यानंतर तिचे मान हलवून उत्तर देणेही थांबले.

हा सिलेक्टिव्ह म्युटिझम, म्हणजे चिंतेतून येणारे मौन आहे, असे समुपदेशकांनी सांगितले. (पूर्वी त्याला 'इलेक्टिव्ह' म्हणत, जणू मूल मुद्दामच गप्प बसते, अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये नाव बदलले, लोकांचा समज मात्र तोच आहे.) उपाय साधा पण वेळखाऊ होता: शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी तिच्याशी खेळायचे आणि ती मोकळेपणाने बोलू लागली की तिसऱ्या माणसाने टप्प्याटप्प्याने जवळ यायचे.

ते काम मावशींनी पत्करले. पहिला आठवडा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून व्हरांडा झाडत होत्या, मग दारात आणि पुढे कोपऱ्यात उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसू लागल्या. त्यांनी तिच्याकडे कधी रोखून पाहिले नाही, काही विचारले नाही. सहाव्या आठवड्यात ती ताटाशी वाकून कुजबुजली, "मावशी, खडा." मावशींनी "बरा दिसला तुला" एवढेच म्हणून तो बाजूला टाकला. कौतुकाचा गाजावाजा झाला तर ती पुन्हा मिटेल, हे त्यांना ठाऊक होते. डोळे त्यांनी बाहेर जाऊन पुसले.

मावशींचे, तसेच आमच्यासाठी रोज अर्धा तास उशिरा कुलूप लावणाऱ्या शिपाईकाकांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.