पोकरवर घर चालवण्याचा हिशेब

'ऑनलाइन पोकरवर घर चालतं' असं सांगणारे तरुण आमच्या भांडुपमध्येही आहेत. पोकर म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ. माझा भाचा त्यांतलाच. इंजिनीअर, डोकं तल्लख. रात्रभर स्क्रीनवर एकाच वेळी चार-पाच टेबलं उघडी आणि शेजारच्या वहीत प्रत्येक बैठकीचा जमाखर्च. मेहनतीत तो कुठेच कमी पडला नाही, म्हणूनच जीव तुटतो.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मान्यच. पण ते दिसायला हजारो डाव लागतात. तोवर चांगला खेळाडूही महिनोन्‌महिने तोट्यात राहू शकतो. घरभाडं मात्र थांबत नाही. शिवाय साइट डावातल्या रकमेतून आपला 'रेक' कापून घेते, म्हणजे बरोबरीचे खेळाडू बसले तर शेवटी सगळेच हरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर होताच. हातात उरणार काय? ना पगाराची स्लिप, ना पीएफ.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि देशी टेबलं बंद झाली. आता काही जण परदेशी साइट शोधतात. तिथे पैसे अडकले तर दाद कुठे मागणार? खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे योग्यच. पण बायोडेटात दोन-तीन वर्षांची पोकळी घेऊन मुलाखतीला जाणाऱ्या या मुलांना कंपन्यांनी जुगारी म्हणून परत पाठवू नये. आकडेमोड आणि जोखीम त्यांना कळते, ती निदान तपासून पाहावी.

— एक वाचक, भांडुप, मुंबई