बारा सामन्यांचा हंगाम आणि गुडघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या लंबगोल चेंडूच्या खेळाच्या महिला लीगमधील (एएफएलडब्ल्यू) तरुण खेळाडूंवरील लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. सरासरी मानधन २०२३ च्या करारानुसार ६० हजार डॉलर झाले आणि २०२७ पर्यंत ८२ हजारांवर जाणार, हे बरोबरच. पण अठराव्या वर्षी ड्राफ्टमधून (क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतून) क्लबात आलेल्या मुलीचे पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा तिचा गुडघा ठरवतो. त्याचा लेखात उल्लेखही नाही.

हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. २०२५ मध्ये साखळीत प्रत्येक संघाला १२ सामने मिळाले. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) फाटून शस्त्रक्रिया झाली की पुनरागमनाला नऊ ते बारा महिने लागतात. जूनच्या सरावात दुखापत झाली तर एक हंगाम बुडतो. तीच ऑक्टोबरमध्ये झाली तर चालू हंगाम तर संपलाच, पुढचाही बहुतेक हातचा जातो.

निना मॉरिसनचे उदाहरण घ्या. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये जिलाँग क्लबने तिला पहिल्या क्रमांकावर निवडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये (तेव्हा हंगाम वर्षाच्या सुरुवातीला असे) पहिलाच सामना तिने गाजवला आणि त्याच आठवड्यात सरावात एसीएल फाटला. त्या हंगामाची साखळी जेमतेम सात फेऱ्यांची होती.

ही दुखापत होताना बहुतेक वेळा धक्का लागलेलाच नसतो. लंबगोल चेंडू टप्पा पडून कुठेही वळतो, खेळाडू धावता धावता पाय रोवून दिशा बदलते आणि गुडघा आत झुकतो. मार्कसाठी, म्हणजे लाथेने मारलेला चेंडू हवेतच झेलण्यासाठी, उंच उडी मारून एका पायावर, गुडघा ताठ ठेवून उतरतानाही हेच होते. महिलांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट आहे. सगळे खापर हार्मोन्सवर फोडणे सोयीचे, पण एकेकाळी चौदा वर्षांपुढच्या मुलींना मुलांच्या संघात जागा नसे, ताकदीचा व्यायामही उशिरा सुरू होई, याचा हिशेब कोण करणार?

पुनरागमनाची घाई आणखी महागात पडते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरल्यास पुन्हा फाटण्याचा धोका बराच वाढतो, तरुण खेळाडूंत तर अधिकच. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांची चाचणीही पार व्हायला हवी. नुसते कॅलेंडर पाहून परवानगी देऊ नये.

कबड्डीतही एसीएलच्या दुखापती सर्रास होतात, म्हणून आपल्या तालमींसाठी एवढे जरूर छापावे: आठवड्यातून किमान दोनदा, १५ ते २० मिनिटे, एका पायावर उतरण्याचा सराव, धावताना थांबण्याचा सराव आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की नाही, हे प्रशिक्षकाने समोर उभे राहून पाहावे. स्पर्धा सुरू झाल्या की हा सराव सर्वांत आधी बंद पडतो, तो तेव्हाही चालू ठेवावा.

आपला,
एक वाचक, मेलबर्न