ती लिहून राहिली आहे

काकू, नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "झालं का तुझं? माझा डबा दे परत" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचालच.

मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, हे आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक. विदर्भात हा आजार कोणाला नवा नाही. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी निघतंच. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. आधी म्हणाले, लग्न करू नको. मग म्हणाले, मूल होऊ देऊ नको. नवऱ्याची तपासणी लग्नाआधीच केली होती, त्याचा पॅटर्न ए-ए, म्हणजे त्याच्यात सिकलसेल अजिबात नाही. म्हणजे मूल वाहक होणार, ग्रस्त होणार नाही, हे गणित आम्ही मांडलेलं होतं. पण गणित ऐकायला वेळ कोणाला? पोरगी झाली, मग उरलं माझं लिहिणं. 'घर आहे, लेकरू आहे, तब्येत ही अशी, त्यात हे खूळ कशाला?' सगळे मायेनेच म्हणत. "लेख कधी द्यायचा आहे?" असं मात्र फक्त तुम्ही विचारलंत.

दिवाळी अंकवाले साहित्य मागतात जुलै-ऑगस्टात. नेमका तेव्हाच पाऊस. भिजलं, गारठा शिरला की माझं दुखणं उठतं. उन्हाळ्यात नवतपात पारा ४५ च्या पुढे गेला, अंगातलं पाणी आटलं, की पुन्हा तेच. आम्हा लोकांना नागपुरात सोयीचा ऋतू शोधावाच लागतो.

त्या ऑगस्टात क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा मोठा झटका, आला तेव्हा मांड्या आणि उजवा दंड इतका ठणकत होता की पेन धरवेना. लेख अर्धा राहिलेला. तुम्ही चष्मा लावून, पोरीची चौरेघी वही घेऊन पलंगाशी बसलात. मी पडल्या पडल्या सांगत होते, तुम्ही उतरवून घेत होतात. मध्येच हात थांबवून म्हणालात, "हे वाक्य मघाशी येऊन गेलं ना?" इतकं स्पष्ट तर संपादकही बोलत नाहीत.

आणि दारावर कोणी आलं की "तिला बरं नाही" असं तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. "ती लिहून राहिली आहे. संध्याकाळी या." कुरिअरवाल्याला हेच, चुलत नणंदेलाही हेच. मी आत पांघरुणात कण्हत असले तरी बाहेर मी कामात होते. काकू, आजारी बाईच्या खोलीत कोणीही सरळ शिरतं, चार उपाय सांगून जातं. कामात असलेल्या बाईचं दार वाजवताना मात्र माणूस थबकतो.

पोरीचं तर काय सांगू. "आईला काय झालं?" असं ती विचारायची आणि मी "काही नाही" म्हणायची. तुम्ही कूलरची जुनी पारदर्शक नळी आणलीत. तिच्यात साबुदाणे सोडलेत, ते सरसर खाली आले. मग फुटक्या बांगडीचे तुकडे सोडलेत. ते वळणावर अडकले, आणि त्यांच्यामागे साबुदाणेही तुंबले. "तुझ्या आईच्या रक्तात असं होते. अडकलं की दुखते. म्हणून तिला पाणी लागते." तेव्हापासून माझी बाटली भरायचं काम पोरीने स्वतःकडे घेतलंय. माझ्या टेबलाशी ती आता रडत नाही, पहारा देते.

एका दवाखान्यात "दिसायला तर बरी आहे, एवढं काय दुखतंय?" असं ऐकून मी गप्प झाले होते. तुम्ही माझी फाइल उघडलीत, हिमोग्लोबिनच्या आकड्यावर बोट ठेवलंत. "हे वाचा आधी, मग बोला जी." सलाइन लागलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला. २०२३ च्या जुलैत निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. हे सगळं हवंच होतं, मी त्यावर लिहिलंही. पण शाळेच्या ऑटोतून उतरलेल्या पोरीला त्या दुपारी गोळाभात कोण वाढणार, हे कुठल्या कलमात बसत नाही. ते तुम्ही वाढलंत, वर "आज वरून तेल कमी घातलं, तिला तिखट झेपत नाही" असा हिशेबही दिलात.

आता तुमचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा पुण्याहून येतोय, येऊ द्या. पण तो चार दिवसांत परत जाईल आणि डोळ्यांत थेंब तर काही आठवडे घालावे लागतात. ते माझ्याकडे. वेळा लिहून फ्रिजवर लावल्यात. "कशाला उगीच" म्हणू नका. तेवढे दिवस वाचन बंद ठेवायला सांगितलंच, तर यंदाचा लेख मी वाचून दाखवते. एखादं वाक्य पुन्हा आलं तर तिथेच थांबवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची