शनिवारी चतुचक बाजार : सकाळी ८ वाजता निघायचे

सर्व सदस्यांना सूचना,

बँकॉकचा चतुचक बाजार पूर्णपणे शनिवार-रविवारीच भरतो, म्हणून शनिवार चुकवू नका. ठीक ८ वाजता हॉटेलच्या दारात जमा. भूमिगत मेट्रोने कांफेंग फेत स्थानकावर उतरायचे. तिथून २ क्रमांकाचा दरवाजा थेट बाजारात निघतो.

बाजार अवाढव्य आहे. २७ विभाग, हजारो दुकाने, गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. आवडलेली वस्तू ‘परतताना घेऊ’ म्हणाल तर ते दुकान पुन्हा सापडेलच असे नाही! निदान विभाग आणि गल्लीच्या क्रमांकाचा फोटो काढा.

• चुकामूक झाल्यास शोधत फिरू नका, मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली थांबा. दुपारी १२.३० ला सगळ्यांनी तिथेच यायचे.
• सुटे बाथ (थायलंडचे चलन) जवळ ठेवा. घासाघीस जरूर करा, पण हसतमुखाने; आवाज चढवलेला तिथे आवडत नाही.
• बुद्धमूर्ती घेऊ नका. देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो.
• पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, पाकीट पुढच्या खिशात.

टोपी, पाणी आणि रिकामी पिशवी आणा. ऊन आणि दमटपणा भयंकर असतो, ज्येष्ठांनी ११ नंतर सावली सोडू नये.

येणार नसाल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत गटप्रमुखांना सांगा.