‘160 पीएसची गाडी सहज ओढेल’ या सल्ल्यावर विकलेल्या कॅम्पिंग ट्रेलरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : गाडीची क्षमता न तपासता विकलेला ट्रेलर व हिच

महोदय,

आपल्या पुण्यातील शोरूममधून मी कॅम्पिंग ट्रेलर आणि माझ्या एसयूव्हीसाठी हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळ्याचा सांधा, घेतला. ऑर्डर घेण्यापूर्वी आपल्या सल्लागारांनी गाडीचे मॉडेल विचारले आणि ‘160 पीएसची गाडी आहे, सहज ओढेल’ असे ईमेलवर लिहून दिले. गाडी किती ओढू शकते हे नुसत्या पीएसवरून, म्हणजे इंजिनच्या शक्तीवरून, ठरत नाही. ट्रेलर विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असायलाच हवे.

माहितीपत्रकात ट्रेलरचे वजन 740 किलो छापले आहे. ते रिकाम्या ट्रेलरचे आहे. निघायच्या तयारीत वजनकाट्यावर चढवला तेव्हा तो 1,040 किलो भरला. पाण्याची टाकी 100 लिटरची, म्हणजे 100 किलो. 150 एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या 110, बाजूचे छत 20, गॅस व शेगडी 20, अंथरूण-भांडी 50. टाकी, बॅटऱ्या आणि छत आपणच बसवून दिले आहे. गाडीच्या हँडबुकात ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा 600 किलो आहे, आणि या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. म्हणजे तो रिकामासुद्धा या गाडीला जोडण्यासारखा नव्हता.

दुसरा मुद्दा हिचच्या गोळ्यावर पडणाऱ्या भाराचा, म्हणजे टंग वेटचा. सपाट जागेवर चाकांना अडण लावून, कपलर (ट्रेलरचे गोळ्यावर बसणारे टोक) गोळ्याच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर ठेवून मोजले : 118 किलो. गाडीची मर्यादा 75. टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही पुढे असल्याने हे झाले. ट्रेलर जोडल्यावर मागच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची 62 मिलिमीटरने घटली, पुढची 18 ने वाढली. गाडीची ओढ पुढच्या चाकांवर आहे; तीच हलकी झाली की चढावर घसरतात, स्टिअरिंगही सैल लागते.

सामान मागे सरकवा, हा आपल्या सर्व्हिस सेंटरचा उपाय धोक्याचा आहे. बैलगाडी उलाळ, म्हणजे मागे जड, झाली की काय होते ते सर्वांना माहीत आहे. ट्रेलर उलाळ झाला तर वेगात शेपटासारखा डोलू लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. बॅटऱ्या चाकांच्या आसावर आणणे हा योग्य मार्ग.

शिवाय टंग वेट गाडीच्याच भारात धरावे लागते. गाडीची भार वाहण्याची क्षमता 475 किलो आहे. चार माणसे 280, सामान 60, हिच 20, वर हे 118 : एकूण 478.

गिअरबॉक्सबद्दल तर कोणी विचारलेच नाही. माझ्या गाडीत ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आहे. घाटात रांगत चढताना असा क्लच घसरत राहून तापतो. अशा कामाला टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा) किंवा मॅन्युअल गिअरबॉक्स, लॅडर फ्रेम (शिडीसारखी मजबूत चौकट) आणि लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) असलेली गाडी बरी. ताम्हिणी घाट उतरताना मागच्या 1,040 किलोच्या ट्रेलरचा रेटा एकट्या गाडीच्या ब्रेकवर येतो. पॅड तापून पकड कमी होते. खालचा गिअर पुरेसा नाही, ट्रेलरला ओव्हररन ब्रेक, म्हणजे ट्रेलर गाडीला रेटू लागला की आपोआप लागणारे ब्रेक, हवेच.

माझ्या मागण्या : ट्रेलर व हिच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. किंवा माझ्या संमतीने, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठीच्या माझ्या गाडीच्या मर्यादेत बसेल असा, ओव्हररन ब्रेक व ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार) असलेला ट्रेलर बदलून द्यावा. भरलेले वजन आणि टंग वेट वजनकाट्याच्या पावतीसह लेखी द्यावे. आणि माहितीपत्रकात रिकाम्या वजनाशेजारी भरलेले वजन छापावे, म्हणजे पुढचा ग्राहक फसणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत ईमेल, वजनकाट्याची पावती, हँडबुकातील पानाची प्रत आणि मोजमापाचे फोटो जोडले आहेत. तोवर ट्रेलर रस्त्यावर काढणार नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे